हेमांगीचे खोटे प्रश्न

हेमांगी जीवराम देवरे हे नाव जळगावच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीबाहेर कुणाला माहीत असायचं कारण नाही. कंपनीत अकरा माणसं. केळीच्या बागांना ठिबकने पाणी सोडणारी एक पेटी असते, तिच्या आतला प्रोग्राम ही अकरा माणसं लिहायची. कोणता व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा, मधेच वीज गेली तर राहिलेलं पाणी नंतर कसं भरून काढायचं, हे सगळं त्या पेटीने स्वतःच ठरवायचं. धुळ्याला इंजिनिअरिंग करून हेमांगी तिथं लागली तेव्हा तेवीस वर्षांची होती. मालक प्रेमराज चौधरी. त्यांना सगळे प्रेमराजभाऊच म्हणत, आणि ते कुणाचं काम बघायचं असलं की त्याच्या खुर्चीमागे येऊन गप्प उभे राहत.

प्रोग्राममध्ये काही बदल केला की बाकीचं बिघडलं नाही ना, हे तपासायला छोट्या छोट्या टेस्ट लिहून ठेवलेल्या असतात. एका बाजूला हवं ते उत्तर, दुसऱ्या बाजूला प्रोग्रामने दिलेलं उत्तर. जुळलं तर टेस्ट हिरवी, नाही जुळलं तर लाल. कंपनीत अशा टेस्ट होत्या, पण मुक्या होत्या. लाल झाली की पडद्यावर ‘असर्शन फेल्ड’ एवढे दोन शब्द आणि ओळीचा नंबर यायचा. काय हवं होतं, काय मिळालं, याचा पत्ता नाही. पहिल्याच वर्षी अशा एका लाल ओळीमागे हेमांगीचे आणि ललितचे दोन दिवस गेले. ललित चाळीसगावचा, शेजारच्या टेबलावर बसायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सापडलं ते एवढंच, की मोजताना शेवटचा व्हॉल्व्ह सुटत होता.

त्या शनिवारी हेमांगी सुट्टी असून ऑफिसला आली आणि तिने एक फाइल लिहिली. सहा छोटी फंक्शनं, कुठलंच दहा-बारा ओळींपेक्षा मोठं नाही. एक बघायचं, दोन गोष्टी सारख्या आहेत का. एक बघायचं, यादीत अमुक गोष्ट आहे का. एकाचं नाव तिने ‘ओरडलं पाहिजे’ असं ठेवलं होतं. चुकीचा आकडा दिला तर प्रोग्रामने तक्रार करायलाच हवी, ती केली नाही तर टेस्ट लाल. आणि प्रत्येक फंक्शन लाल होताना सरळ मराठीत सांगायचं: हवं होतं हे, मिळालं ते, अमुक व्हॉल्व्हला. सोमवारी ललित ते वाचून हसला. म्हणाला, आपली मशीन आता खान्देशी झाली. पण महिन्याभरात सगळे तीच फाइल वापरायला लागले, तोही.

त्या फाइलबाबत तिचा एक हट्ट होता. नवीन फंक्शन लिहिलं की आधी त्याला मुद्दाम खोटं द्यायचं. दोन आणि तीन सारखे आहेत का, असं विचारायचं. ते लाल झालं तरच पुढे जायचं. जी टेस्ट लाल झालेली आपण कधी पाहिलीच नाही, तिच्या हिरव्याला अर्थ नाही, असं ती म्हणायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

जास्त वेळ गेला तो ‘जवळपास सारखं’ या फंक्शनवर. संगणकाच्या हिशेबात अपूर्णांक कधी नेमके जुळत नाहीत. चार हजार लिटर हवं असेल तर तीन हजार नऊशे नव्याण्णव आणि पुढे नऊंची रांग येते. मग किती फरक चालवून घ्यायचा? ललित म्हणाला, टाक पाच टक्के. हेमांगीला तसं टाकवेना. ते दोघं यावलकडच्या एका केळीच्या बागेत दोन दिवस गेले, मोजपात्रं आणि घड्याळ घेऊन. पहिल्या झाडाखाली एक पात्र, शेवटच्या झाडाखाली एक. ओळीओळीने वाकून वाकून दोघांच्या कमरेचा काटा ढिला झाला. नळ्यांच्या फरकातच सात-आठ टक्के जात होते. बागायतदार म्हणाला, दहाच्या पुढे गेलं की शेवटच्या झाडाचा बुंधा बारीक पडतो. म्हणजे प्रोग्रामच्या वाट्याला उरले दोन. तिने दोन टक्के लिहिले, वर कारण लिहिलं आणि खाली स्वतःचं नाव घातलं.

हे सगळं ती फोनवर वडिलांना सांगायची. तिचे वडील, आबा, साक्री तालुक्यात पांझरेच्या काठच्या गावाला राहायचे. गावाची शेती जुन्या फडपद्धतीची. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाचं पाणी पाळीपाळीने प्रत्येक वावरात सोडणारा गावाचा पाटकरी. आबा एकतीस वर्षं पाटकरी होते. हेमांगी बारावीत असताना आई गेली. तेव्हापासून घरात दोघंच, आणि आबा बोलके. बंधाऱ्यावर कुणाशी काय बोलणं झालं, कुणाची गाय व्याली, कोण कुणावर रुसलं, हे सगळं रोज संध्याकाळी साडेसातला फोनवर. एकदा त्यांनी विचारलं, तू त्या मशीनमधून पाणी सोडतेस का? ती म्हणाली, “नई आबा, मी पानी सोडत नई. पानी पोचनं का, ते इचारस.”

आबा म्हणाले, “मंग शेवटला वावरमा जाईसन देख. पाटना तोंडले त पानी ऱ्हासच.”

सात वर्षं अशी गेली. ती चांगली वर्षं होती, हे तेव्हा तिला कळलं नाही.

दोन हजार एकवीसच्या नोव्हेंबरात चुलतभाऊ अभिमनचा फोन आला. आबा पाटावर पडले होते. धुळ्याच्या दवाखान्यात ती पोचली तेव्हा त्यांची उजवी बाजू गेलेली होती आणि वाचाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूत जिथून बोलणं येतं तिथं इजा झाली आहे. ऐकलेलं त्यांना किती कळतं, तेही आता सांगता येणार नाही. पंधरा दिवसांनी आबा पहिल्यांदा बोलले. शब्द होता ‘शे’. आहे. सगळे आनंदले. मग हळूहळू लक्षात आलं की तेवढा एकच शब्द उरला आहे.

हेमांगीने महिन्याची रजा टाकली. तिची कल्पना होती, एखादी बाई बघू, घडी बसवू, जाऊ परत. महिन्याचे तीन झाले. प्रेमराजभाऊंनी घरून काम करायला सांगितलं, तिने प्रयत्नही केला, पण गावात नेट टिकत नव्हतं आणि आबांना कुशीवर वळवायचं, भरवायचं, मालिश करायची यात तिच्या हाताला दुसरं काही लागत नव्हतं. मार्चमध्ये तिने ऑफिसचा लॅपटॉप कुरिअरने परत पाठवला. पाठवायच्या आधी तिने तो उघडला, सगळ्या टेस्ट एकदा चालवल्या, चारशे बारा हिरव्या ओळी वरून खाली सरकताना बघितल्या आणि झाकण लावलं.

त्याआधी फेब्रुवारीत ललित येऊन गेला होता. जळगावहून मोटरसायकलवर, एवढं अंतर. आबांच्या खाटेजवळ बसला, त्यांचा डावा हात हातात घेतला. ऑफिसातल्या गोष्टी सांगितल्या. निघताना अंगणात हेल्मेट हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला.

“मग, परत कधी?” त्याने विचारलं.

“आखाजीपर्यंत बघू,” ती म्हणाली.

आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, आली. गावात सासरी गेलेल्या लेकी माहेरी आल्या, झाडांना झोके बांधले, गाणी झाली. हेमांगी खिडकीतून ऐकत होती. पुढच्या वर्षी मे महिन्यात चाळीसगावला ललितचं लग्न झालं. तिला पत्रिका आली होती. आबांजवळ बसायला त्या दिवशी कुणी मिळालं नाही. असं तिने त्याला कळवलं, आणि ते खरंही होतं.

खरं अवघड होतं ते आबांचं ‘शे’. दुखतंय का विचारलं, शे. भूक लागली का, शे. पोट भरलं का, शे. अभिमनची बायको म्हणायची, बघा, सगळं कळतं आबांना. हेमांगीला ते पटत नव्हतं आणि पटत नाही असं म्हणवतही नव्हतं. एका दुपारी तिने त्यांना पोटभर वरणबट्टी भरवली, तोंड पुसलं, आणि विचारलं, “आबा, भूक लागनी का?”

“शे.”

तिला एकदम आपली फाइल आठवली. नेहमी हिरवं दाखवणारी टेस्ट. तशी टेस्ट तिने ऑफिसात एक दिवसही ठेवली नसती. दुसऱ्या दिवसापासून तिने वही केली. रोज दहा प्रश्न. त्यातले चार-पाच मुद्दाम खोटे. पानावर तीन रकाने: काय विचारलं, काय उत्तर यायला हवं, काय आलं. तिसऱ्या रकान्यात सगळीकडे ‘शे’च येणार हे उघड होतं, म्हणून तिने चौथा रकाना आखला आणि त्यात बाकी जे दिसेल ते लिहायला लागली. आवाज चढा की उतरता, डावा हात हलला की नाही, डोळे कुठे होते.

“आबा, तुम्ही रेल्वेमा नोकरीले व्हतात ना?”

“शे.”

“तुमले सात पोरी शेतस ना?”

“शे.”

अभिमन एकदा दारात उभा राहून हे ऐकत होता. तो चिडला. आजारी माणसाची अशी थट्टा करतात का, असं त्याने विचारलं. थट्टा नाही, हे त्याला कसं सांगायचं तेच हेमांगीला सुचेना. त्या दिवशी तिने वही बंद करून फडताळात टाकली आणि आठवडाभर काढली नाही. त्या आठवड्यात आबांना ताप येऊन गेला आणि कुठे दुखतंय हे कुणालाच कळलं नाही. पाठीला जखम झाली होती. ती दिसली तेव्हा हेमांगी न्हाणीत जाऊन रडली आणि बाहेर येऊन वही काढली.

बाराव्या आठवड्यात तिला ते दिसलं. आधी ती मागची पानं चाळत बसली, मग पुढचे पंधरा दिवस फक्त तेच बघितलं. आबा सगळ्याला ‘शे’च म्हणत होते, पण प्रश्न खरा असेल तर म्हणताना तिच्याकडे बघत, आणि खोटा असेल तर त्यांची नजर दाराकडे जाई. प्रत्येक वेळी नाही. थकलेले असले की चुकायचं, संध्याकाळी जास्त चुकायचं. पण दहातल्या आठ वेळा जुळायचं. तिने अभिमनला बोलावलं, शेजारी बसवलं आणि आधी त्याच्या कानात सांगितलं, आता मी खोटं विचारणार. विचारलं. आबांनी दाराकडे बघितलं. मग म्हणाली, आता खरं. आबांनी तिच्याकडे बघितलं. अभिमन उठला आणि परसदारी जाऊन बसला.

तेव्हापासून घरात थोडं बोलणं सुरू झालं. उजव्या कुशीला दुखतंय का? दार. पाठीला? तिच्याकडे. रेडिओ लावू? तिच्याकडे. एकदा तिने, विचारू नये असं वाटत असताना, विचारलं, “आबा, मी जळगावले जाऊ का परत?”

आबा ‘शे’ म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. तिच्या वहीत याला रकाना नव्हता. ते उत्तर तिने लिहिलं नाही, आणि तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.

पण जळगावची ओढ काही कमी झाली नाही. आबा दुपारी झोपले की ती वहीच्या मागच्या पानांवर पेनने कोड लिहायची. जुन्या फाइलमधली फंक्शनं आठवून आठवून, ओळ न ओळ. मग त्यात सुधारणा करायची. यादी लांब असेल तर नेमकी कुठली गोष्ट कमी आहे तेवढीच सांगावी, असं एक सातवं फंक्शन तिने कागदावरच लिहिलं आणि कागदावरच तपासलं. चालवायला काही नव्हतं. ऑफिसच्या खिडकीतून पलीकडच्या डाळमिलमधून डाळीच्या वासाचा धुरळा यायचा आणि कीबोर्डवर पिवळा थर बसायचा. तेव्हा सगळे वैतागायचे. आता तुरीची डाळ निवडताना तो वास आला की तिचा हात सुपातच थांबायचा.

दोन हजार चोवीसच्या मे महिन्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. रूपाली म्हणून एक मुलगी, कंपनीत लागून वर्ष झालेलं. बिचकत बिचकत म्हणाली, ताई, तुम्ही मला ओळखत नाही, पण तुमच्या फाइलमध्ये तुमचं नाव आहे. रावेरकडच्या एका बागेत शेवटच्या ओळींना पाणी कमी पडत होतं. शेतकऱ्याची तक्रार आली, प्रोग्राम तपासला, सगळ्या टेस्ट हिरव्या. मग रूपालीने फाइल उघडली. ‘जवळपास सारखं’मध्ये दहा टक्के लिहिलेलं होतं आणि वरच्या टिपणात अजून दोन टक्क्यांचं कारण होतं. मधे कुणीतरी, ग्राहकाला दाखवायची घाई होती म्हणून, टेस्ट हिरवी व्हावी एवढ्यासाठी आकडा वाढवला होता. कुणी, ते तिने सांगितलं नाही. हेमांगीनेही विचारलं नाही.

“आत्ता दोन कर,” हेमांगी म्हणाली. “मी फोनवर आहे.”

कीबोर्डचा आवाज आला. मग रूपाली म्हणाली, लाल झाली. आणि तिने पडद्यावरचं वाचून दाखवलं: “व्हॉल्व्ह सात. हवं होतं चार हजार लिटर, मिळालं तीन हजार सातशे साठ. फरक सहा टक्के. शेवटच्या झाडाला कमी पडेल.”

आपलंच वाक्य हेमांगी परक्या तोंडून ऐकत होती. मग ती बोलायला लागली ते चाळीस मिनिटं. चूक कुठे असेल, आधी काय बघायचं, वीज जाऊन आल्यावरचा हिशेब कसा वेगळा आहे. उभ्याने बोलत होती, हातवारे करत होती. वीज परतल्यावर राहिलेलं पाणी दोन हप्त्यांत सोडायचं होतं आणि दुसरा हप्ता प्रोग्राम सोडतच नव्हता. फोन ठेवायच्या आधी रूपालीला ते सापडलं.

फोन ठेवून ती वळली तर आबा जागे होते. तिच्याकडेच बघत होते.

“शे,” ते म्हणाले. तिने काहीच विचारलं नव्हतं.

आबा यंदाच्या जानेवारीत गेले. सकाळी, हेमांगी चहा गाळत असतानाच. दिवसकार्य झालं, पाहुणे परतले, आणि घरात कुणाला वळवायचं नाही, भरवायचं नाही असा पहिला दिवस आला. तो फार मोठा होता. महिन्याभराने प्रेमराजभाऊ स्वतः आले. त्यांचे केस आता सगळे पांढरे झाले होते. खाटेच्या रिकाम्या जागेकडे बघून ते म्हणाले, टेबल आहे, ये.

मार्चपासून हेमांगी पुन्हा जळगावला आहे. कंपनी वरच्या मजल्यावर गेली आहे, माणसं सव्वीस झाली आहेत, खिडक्या बंद आणि एसी. ललित पुण्याला गेला. तिची ती फाइलही राहिली नाही. टेस्ट करायला आता सगळं तयार मिळतं, आणि तयार मिळतं ते तिच्या फाइलपेक्षा चांगलं आहे, हे तिने पहिल्याच दिवशी वाचून मान्य केलं. रूपालीने जुन्यातलं एकच फंक्शन ठेवलं आहे, दोन टक्क्यांचं. कागदावर लिहिलेलं सातवं फंक्शन हेमांगीने कुणाला दाखवलं नाही. त्याची आता गरज नव्हती.

काम जमतं. हात पूर्वीसारखा चालायला वेळ लागला, पण चालतो. चार वर्षं ज्या खुर्चीसाठी जीव तुटला त्या खुर्चीवर ती बसते, आणि दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला तिचं लक्ष उडतं. रूपालीने एकदा विचारलं, ताई, बरं वाटत नाही का? हेमांगी म्हणाली, “बरं आहे गं. तिथं होते तेव्हा इथलं आठवायचं. आता इथं आहे तर तिथलं आठवतं. एवढंच.”

जळगावातच, पिंप्राळ्यात, तिने खोली घेतली आहे. शेजारी बेबाबाई म्हणून एक म्हातारी राहते, एकटीच. मागच्या रविवारी तिने वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी आणून दिली आणि तिथंच उंबऱ्यावर बसली. माणसाची चौकशी करायची तिला हौस. कुठलं गाव, किती भावंडं, लग्न का नाही केलं, सगळं विचारून झालं. मग तिने आईवडिलांचं विचारलं. आई मी बारावीत असताना गेली, वडील यंदा गेले, हेमांगीने सांगितलं.

“स्वभावाने कसे होते?” बेबाबाईने विचारलं. “काही काही बाप घरात तोंडच उघडत नाहीत. आमचे तसे होते.”

हेमांगीने भाकरीचा तुकडा मोडला.

“आमचे आबा खूप बोलायचे,” ती म्हणाली. “ऐकता ऐकता माझं जेवण गार व्हायचं.”

बेबाबाई म्हणाली, नशीबवान आहेस. मग भरीत तिखट झालं का, असं तिने विचारलं. हेमांगी म्हणाली, नाही, बेताचं आहे, आणि दोघी बराच वेळ तिथंच बसून राहिल्या.